चिखलात रुतलेली ट्रॉली: घर्षण जास्त झालं की कमी?

गिरणाकाठ (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न माझा नाही, आठवीतल्या पुतण्याचा आहे. मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकतोय.

परवा आमची केळी कापणी होती. ट्रक डांबरी रस्त्यावर उभा, मळ्यातून तिथपर्यंत घड ट्रॉलीने आणायचे. आदल्या रात्री पाऊस झालेला. काळी जमीन, त्यात शिवरस्ता, पुढचं सांगायला नकोच. निम्म्या वाटेत ट्रॅक्टर जागीच फिरायला लागला. एका गड्याने डोकं लढवलं, केळीचा खांब कापून त्याचे सोपट (खोडाचे पाणीदार थर) चाकाखाली घातले. चाक दुप्पट जोराने फिरलं आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या वडिलांचा सदरा काळाकुट्ट झाला. मग वडिलांनीच बांधावरची पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) मोळी ओढत आणली, दोन्ही चाकांपुढे अंथरली, आणि ट्रॅक्टर निघाला.

घरी आल्यावर पुतण्या म्हणतो, "काका, पुस्तकात घर्षणाचे प्रकार दिलेत, आणि घर्षण गतीला विरोध करतं असंही दिलंय. मग आपली ट्रॉली घर्षण जास्त झालं म्हणून अडकली की कमी पडलं म्हणून?"

मी म्हटलं जास्त. वडील म्हणाले कमी. तुम्ही काय म्हणता?

---

केळीबाग
रविवार, रात्री ९:२०

जास्तच. चिखल चाक धरून ठेवतो. साधी गोष्ट आहे.

---

धुळेकर
रविवार, रात्री ९:२६

धरून ठेवतो तर चाक गरगर फिरलं कसं? कमी पडलं. वडील बरोबर.

---

निंबाचीसावली
रविवार, रात्री ९:४१

आमना गावमा बी आसंच व्हयनं व्हतं, पण आम्ही बैल जुंपले आणि सुटलो. भौतिकशास्त्र काही आठवलं नाही त्या वेळी :)

---

फळा_आणि_खडू
रविवार, रात्री १०:१८

मी विज्ञान शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. वीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही.

उत्तर असं, की तुम्ही दोघंही बरोबर आहात, कारण दोघं वेगवेगळ्या घर्षणांबद्दल बोलताय. प्रकार पाठ करण्यापुरते नसतात, ते इथे कामाला येतात.

चाक घरंगळताना जमीन दबते, चाकापुढे मातीचा छोटा उंचवटा तयार होतो आणि चाकाला सतत त्यावर चढावं लागतं. हा विरोध म्हणजे लोटन घर्षण. डांबरी रस्त्यावर तो वजनाच्या दीड-दोन टक्के असतो. मऊ ओल्या मातीत वीस टक्क्यांवर सहज जातो. हे घर्षण तुमच्याकडे जास्त झालं.

दुसरं, ट्रॅक्टरचं मोठं चाक जमिनीला मागे रेटतं आणि जमीन त्याला पुढे ढकलते. टायर जिथे टेकलाय तो ठिपका त्या क्षणी जमिनीवरून घसरत नसतो, म्हणून हे स्थितिक घर्षण. हे तुम्हाला कमी पडलं.

आकडे घालून बघा. समजा भरलेली ट्रॉली ५ टन, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर दीड टन वजन.

डांबरीवर: ट्रॉली ओढायला लागतात ५००० × ०.०१५ = ७५ किलो. चाकांची पकड वजनाच्या ०.७ पट धरली तर मिळू शकते १५०० × ०.७ = १०५० किलोपर्यंत. ट्रॅक्टर गाणी ऐकत जातो.

चिखलात: ओढायला लागतात ५००० × ०.२ = १००० किलो. पकड मिळते १५०० × ०.४ = ६०० किलो. संपला विषय.

(इथे किलो म्हणजे तितक्या किलोच्या वजनाइतकं बल. न्यूटनमध्ये हवं असेल तर ९.८ ने गुणा. पुतण्याला परीक्षेत असं लिहू देऊ नका, मार्क कापतील.)

---

गिरणाकाठ
रविवार, रात्री १०:३३

मॅडम, वा. पण त्याचा दुसरा अर्धा प्रश्न तसाच राहिला. पुस्तक म्हणतं घर्षण गतीला विरोध करतं, आणि तुम्ही म्हणता जमीन चाकाला पुढे ढकलते. मग विरोध कुठे गेला?

---

फळा_आणि_खडू
रविवार, रात्री १०:५९

ते वाक्य अर्धवट आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून घर्षण झटतं. गाडी कुठे चालली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चाकाचा खालचा भाग मागे घसरू पाहतो, त्याला विरोध म्हणजे पुढचा धक्का. तुम्ही चालता तेव्हा तळवा मागे रेटता आणि पुढे सरकता, तेही हेच.

स्थितिक घर्षणाची दुसरी खोड म्हणजे त्याला ठरलेली किंमत नसते. घरात शहाबादी फरशीवर ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं उभं आहे असं धरा. कुणी ढकलत नसेल तर घर्षण शून्य. २० किलोचा जोर लावला, घर्षण २०. तुम्ही ४०, तेही ४०. जेवढं मागाल तेवढंच देणार, आणि एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा समजा ५० किलो. ती ओलांडली की पोतं सुटतं, आणि सुटल्यावर विरोध एकदम ४० वर उतरतो. हे गतिक घर्षण. म्हणून जड वस्तू हलेपर्यंत घाम काढते आणि हलली की आपण तिच्या अंगावर पडतो.

मुलं μ (घर्षणांक, म्हणजे घर्षण वजनाच्या किती पट ते) गुणिले वजन करून स्थितिक घर्षण काढतात आणि ढकलणाराच नसताना ५० किलोचं घर्षण लिहून मोकळी होतात. ती मर्यादा आहे, उत्तर नव्हे. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तपासते.

---

सातपुडापायथा
रविवार, रात्री ११:२०

सुटल्यावर विरोध का उतरतो? पृष्ठभाग तेच, वजन तेच.

---

फळा_आणि_खडू
रविवार, रात्री ११:४४

कारण दोन वस्तू टेकलेल्या दिसतात तेवढ्या टेकलेल्या नसतात. फरशी कितीही सपाट वाटली तरी सूक्ष्म पातळीवर तो सातपुडाच आहे (तुमचं नाव बघून सुचलं). दोन डोंगररांगा एकमेकींवर पालथ्या घातल्या तर शिखरंच टेकतील. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागात असतो. त्या टोकांवर दाब प्रचंड, म्हणून ती चेपतात, चिकटतात. वस्तू स्थिर असेल तर चिकटायला वेळ मिळतो. सरकत असेल तर पकड बसेपर्यंत तुटते.

झोपते आता. उद्या पहिला तास माझा आहे.

---

लोको_भुसावळ
सोमवार, सकाळी ७:०५

रात्रपाळीहून आलो, धागा वाचून झोप उडाली.

आमचा धंदा म्हणजे मॅडमच्या दोन्ही घर्षणांची रोजची भांडणं. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही, म्हणून लोटन घर्षण टायरच्या दहाव्या हिश्श्याइतकं, वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के. ४००० टनांची मालगाडी सपाटीला ८ टन जोरात चालती राहते. पण तोच गुळगुळीतपणा पकडीच्या मुळावर येतो. डब्ल्यूएजी-९ इंजिन १२३ टनांचं. कोरड्या रुळावर वजनाच्या पाव पकड धरली तर ३० टन जोर मिळतो. सपाटीला भरपूर. शंभरात एक चढ आला की नुसत्या चढाचेच ४० टन वाढतात, मग मागून दुसरं इंजिन लावा.

सगळ्यात वाईट वेळ मुसळधार पावसाची नव्हे, भुरभुर पावसाची. जोरदार पाऊस रूळ धुऊन टाकतो. भुरभुर पाऊस रुळावरच्या धुळीचा आणि तेलाचा लेप करतो आणि चाकं फिरायला लागतात. त्यासाठी इंजिनाला वाळूच्या पेट्या असतात, चाकापुढे रुळावर वाळू सोडायची. तुमच्या वडिलांची पऱ्हाटी तीच आमची वाळू.

---

धुळेकर
सोमवार, सकाळी ९:३०

भुरभुर पावसाचं शंभर टक्के खरं. मृगाच्या पहिल्या सरीला शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरीवर काळ्या मातीचे पट्टे सोडतात, त्यावर शिंतोडे पडले की मोटारसायकलवाले पटापट आडवे. मी स्वतः वळणावर पडलोय. गुडघ्यावरचा डाग अजून आहे. पुढचा ब्रेक गच्च दाबला आणि चाक लॉक झालं, बस.

आता मॅडमचं वाचून कळलं काय झालं ते. चाक फिरत होतं तोवर स्थितिक, लॉक झालं की गतिक, म्हणजे पकड घटली, वर हँडलही ऐकेना. एबीएस हेच करतं ना? लॉक होऊ देत नाही?

---

लोको_भुसावळ
सोमवार, सकाळी ९:४८

हेच. सेकंदात अनेकदा ब्रेक सोडतं-धरतं, चाकाला स्थितिकच्या काठावर ठेवतं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं.

एक हिशोब. ६० च्या वेगाला नुसतं घसरत थांबायचं अंतर: कोरडी डांबरी (०.७) सुमारे २० मीटर, ओली (०.४) ३५ मीटर, चिखलाचा पट्टा (०.२) ७० मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर वेगळं. आणि सूत्रात वजन येत नाही, बरं का. जड गाडीला थांबवायला जोर जास्त लागतो, पण तिचं घर्षणही त्याच प्रमाणात जास्त.

---

केळीबाग
सोमवार, दुपारी १:१५

मी "जास्त" म्हटलो होतो, अर्धे मार्क द्या.

पण माझा खरा मुद्दा वेगळा. केळीचा सोपट घातल्यावर चाक का फिरलं हे कुणीच बोललं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने हे सोडायचं? केळीच्या सालीचं घर्षण जपानमध्ये मोजलंय आणि त्याला २०१४ साली इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालंय, भौतिकशास्त्राचं! कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांनी साल जमिनीवर ठेवून वरून बुटाने दाबून बघितली. घर्षणांक आला ०.०७ च्या आसपास. सालीच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्यांत चिकट गर असतो, दाबला की फुटतो आणि त्याचं वंगण होतं.

हसू नका. माबुचींचा मूळ विषय सांध्यांचं घर्षण. आपल्या गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा आणि मधे द्रव, घर्षणांक ०.०१ च्या घरात. धुळेकर, तुमचा गुडघा बाहेरून फुटला पण आतून मशिनवाल्यांना हेवा वाटेल असा आहे.

सोपटातही पाणीच पाणी. ते चाकाखाली घालणं म्हणजे ग्रीस फासणं.

---

निंबाचीसावली
सोमवार, दुपारी २:०२

वंगणावरून आठवलं. आमच्या आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं बांबूचं नळकांडं लटकलेलं असे. तुंब्यात आस कोरडा पडला की गाडी अशी कुरकुरायची की शिवारातल्या माणसाला कळे, कुणाची गाडी येतेय. आजोबा चाक उतरवून आसाला बोटाने वंगण लावत. आम्हा पोरांना हात लावू देत नसत, कारण वंगणात माती गेली की ते वंगण राहत नाही, पॉलिश पेपर होतो.

गंमत बघा, त्याच चाकावर घर्षण हवंही असतं. लोखंडी धाव लाकडी चाकावर खिळ्यांच्या जोरावर टिकत नाही. धाव मुद्दाम किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी मारतात. ती आक्रसते आणि लाकडाला अशी आवळते की घर्षणच तिला धरून ठेवतं. लहानपणी ते पाणी मारल्यावरचं चर्रर्र ऐकायला आम्ही शाळा बुडवायचो. लाकूड वाळून आटलं की धाव ढिली, मग गाडी नदीच्या पाण्यात उभी करायची.

आणि दुसरी आठवण विहिरीची. ऐंशी किलोची मोटर साठ फूट खाली सोडायची होती, चौघं गडी लागतील असं मला वाटलं. आजोबांनी नाड्याचे दोन वेढे निंबाच्या खोडाला घातले, मोकळं टोक एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने मिशी पिळत एकट्याने मोटर खाली सोडली. हे कोणतं घर्षण?

---

फळा_आणि_खडू
सोमवार, संध्याकाळी ६:४०

आजोबांना नमस्कार! प्रकार नवा नाही, स्थितिक आणि गतिकच, पण मांडणी अफलातून. नाड्याचा प्रत्येक इंच खोडावर थोडं घर्षण देतो, आणि पुढच्या इंचाला तेवढा ताण कमी पडतो. ही घट बेरजेने नाही, गुणाकाराने होते. नाडा आणि सालीचा घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला ताण ६.६ पटीने उतरतो. दोन वेढे: ४३ पट. तीन: २८५ पट. ८० भागिले ४३ म्हणजे दोन किलोहून कमी. मिशी पिळायला हात मोकळा राहणारच. आणि खोड जाड की बारीक याने फरक पडत नाही, वेढे किती ते महत्त्वाचं.

हे सूत्र गणिती ऑयलरच्या नावाने ओळखतात. स्थितिक आणि गतिक अशी फोड गणिताने मांडणारा आणि घर्षणांकाला μ हे अक्षर देणाराही तोच.

---

सातपुडापायथा
सोमवार, रात्री ८:१०

मला एक आक्षेप नोंदवायचाय. पुस्तकात आहे की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. मग ट्रॅक्टरला रुंद टायर कशाला? आणि चिखलात हवा कमी करायला का सांगतात? एक तर पुस्तक चूक, नाहीतर कंपन्या लुटतात.

---

लोको_भुसावळ
सोमवार, रात्री ८:५२

दोन्ही नाही. तो नियम आधी लिओनार्दो द विंचीच्या वह्यांत होता, १६९९ साली आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुन्हा मांडला, १७८५ च्या सुमारास कूलाँ या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तपासला. लाकूड, धातू, दगड अशा कोरड्या टणक वस्तूंना तो चांगला लागू पडतो. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला जोर तोच.

रबर मऊ, ते नियम काटेकोर पाळत नाही. आणि चिखलात तर प्रश्नच वेगळा आहे. तिथे रुंद टायर मुख्यतः रुतणं कमी करतो, म्हणजे लोटन घर्षण. पकड वाढवायची तर वजन वाढवा. म्हणूनच मागच्या टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरतात.

---

केळीबाग
सोमवार, रात्री ९:०५

पाणी भरतात ते थंड राहायला असं आमचा ड्रायव्हर सांगायचा. त्याला हा धागा पाठवतो.

---

अमळनेरी
सोमवार, रात्री ९:३०

चौथा प्रकार राहिला. पाण्याचं घर्षण. शेतकऱ्याच्या खिशाला सगळ्यात जास्त तेच लागतं आणि दिसत मात्र नाही.

मी विहिरीपासून वरच्या पट्ट्यापर्यंत अडीच इंची पाइपलाइन टाकली होती, पैसे वाचवायला. टोकाला ठिबकला दाबच मिळेना. मोटर बदलायच्या बेतात होतो. एका जाणत्याने सांगितलं, मोटर नको, पाइप बदल. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर पाइपातली घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने उतरते. अडीचचा तीन केला, म्हणजे १.२ पट. १.२ चा पाचवा घात २.५ च्या आसपास. घट चाळीस टक्क्यांवर आली आणि त्याच मोटरवर शेवटचं झाड भिजायला लागलं.

वेगाचंही तसंच. प्रवाह दुप्पट केला तर घट जवळपास चौपट. कोरड्या घर्षणात असं होत नाही, पोतं हळू ओढा की जरा जोरात, विरोध साधारण तेवढाच.

---

फळा_आणि_खडू
सोमवार, रात्री १०:२०

फार छान. त्याला द्रव घर्षण म्हणतात, हवेचं पण यातच आलं. आणि इथेच धाग्याचं मूळ सापडतं बघा.

पाण्यात स्थितिक घर्षण नावाची गोष्टच नाही. तापीच्या संथ डोहात नाव उभी असेल तर बोटाने रेटली तरी ती हलते, सावकाश का होईना. पोतं तसं हलणार नाही. घन वस्तूला मर्यादा असते, द्रवाला नसते.

काळ्या मातीचा चिखल या दोघांच्या मधला. आपल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती थरांमध्ये पाणी घेऊन फुगते. थोडा जोर लावला तर चिखल घनासारखा अडतो, म्हणून बुटाला दोन-दोन किलो चिकटून वर येतो. जोर एका हद्दीपलीकडे गेला की तोच द्रवासारखा वाहतो. ट्रॅक्टरचं चाक हळू फिरवलं तर चिखल अजून घन असतो. ड्रायव्हरने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो द्रव होतो, आणि टायरच्या खाचा भरून गुळगुळीत होतात. पऱ्हाटीने काय केलं? खाचांना धरायला पुन्हा घन काहीतरी दिलं, आणि वजन पसरवलं म्हणून रुतणंही घटलं. एका मोळीने दोन्ही घर्षणं सुधारली.

---

धुळेकर
सोमवार, रात्री १०:३१

म्हणजे गिरणाकाठच्या वडिलांनी न शिकता पेपर सोडवला. या धाग्यावर आता भरीत-भाकरीची पार्टी लागू.

---

केळीबाग
सोमवार, रात्री १०:३३

वांगी बामणोदचीच पाहिजेत. आणि पाटा-वरवंट्यावर वाटलेला ठेचा. तेही गतिक घर्षणच :)

---

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९:००

सगळा धागा पुतण्याला वाचून दाखवला. नाड्याचा भाग दोनदा वाचायला लावला. आज शाळेतून आल्यावर त्याने दोरी आणि अंगणातला खांब घेऊन आजीची पाण्याची कळशी टांगून बघितली. तीन वेढ्यांना बोटाने तोलली. कळशीला पोचा आलाय, त्यावर इथे चर्चा नको.

आता त्याचा नवा प्रश्न. ट्रॉली दोन चाकी आहे, तिचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. मग मागचे घड उचलून ट्रॉलीत पुढे रचले असते, तर ट्रॅक्टरच्या चाकांवर वजन वाढून पकड वाढली असती का? आणि ट्रॉलीच्या चाकांवरचं वजन घटून तीही कमी रुतली असती का?

---

फळा_आणि_खडू
मंगळवार, रात्री ९:२२

दोन्ही हो! पण अति नको. हुकावर भार फार झाला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग लागत नाही, आणि चढावर जोर लावताना ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो. त्याला विचारा, पुढच्या चाकांना दिशा द्यायला कोणतं घर्षण लागतं.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९:४०

विचारलं. म्हणाला, "स्थितिक, आडवं." आणि लगेच वडिलांना विचारायला गेला की ट्रॅक्टरच्या तोंडाला लोखंडी वजनं का लावलेली असतात ते त्यांना माहीत आहे का.